एकाच कढीपत्त्यावरून दोन वेगळी फुलपाखरं कशी निघाली?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकच्या एका ताईंच्या गच्चीत कुंडीत कढीपत्ता आहे, त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या सापडल्या, त्यांनी तीन अळ्या डब्यात ठेवून वाढवल्या. दोन फुलपाखरं बाहेर आली. एक काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ. दुसरंही काळंच, पण मागच्या पंखाच्या मध्यभागी पांढरा डाग आणि कडेने लाल चंद्रकोरी. मोबाईलच्या ॲपने पहिल्याला कॉमन मॉर्मन म्हटलं आणि दुसऱ्याला कॉमन रोज. तिसरा कोष अजून उघडलेला नाही, आणि तो तपकिरी आहे, बाकीचे दोन हिरवे होते. आता त्यांना तीन गोष्टी हव्यात: रोजची अळी कढीपत्त्यावर आली कुठून, तिच्यासाठी वेगळं झाड लावावं का, आणि तपकिरी कोष मेलाय का.

तर ताई, तुमच्या डब्यात रोज नव्हतंच. दोन्ही कॉमन मॉर्मन, एकाच जातीची. पांढऱ्या पट्ट्याचं बहुतेक नर आहे आणि लाल चंद्रकोरींची मादी. कदाचित सख्खी भावंडंही असतील, पण ते नक्की सांगता येणार नाही, कारण मॉर्मनची मादी अंडी घोळक्याने घालत नाही, एका पानावर एक घालते आणि पुढे जाते, त्यामुळे तुमच्या एका कुंडीवर तीन वेगवेगळ्या माद्या येऊन गेल्या असणंही शक्य आहे.

ॲपला फार बोल लावू नका. ते पंखांवरची नक्षी बघतं, आणि ही मादी नेमकी तिथेच फसवते. तिचा सगळा खटाटोपच पक्ष्यांनी तिला रोज समजावं यासाठी आहे, त्यात फोनही फसला तर नवल काय. मी फुलपाखरांच्या बागेचं काम बघते, शाळांच्या ट्रिपा येतात, आणि तिथे नेहमीचे फुलपाखरूवालेसुद्धा लांबून उडणाऱ्या या मादीला हमखास रोज म्हणतात. माणूस नक्षीवर जातो. मी मात्र आधी विचारते, कुठल्या झाडावरची अळी? अळीचं झाड माहीत असलं की निम्मं काम तिथेच होतं.

कारण हे बघा, कॉमन रोजची अळी कढीपत्ता खातच नाही. ती ईश्वरीच्या वेलावर वाढते, ज्याला आपल्याकडे सापसंदही म्हणतात. त्या वेलात विषारी आम्लं असतात, अळी ती खाऊन अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरातही ती राहतात. म्हणून पक्षी रोजला तोंड लावत नाहीत, एकदा चव घेतली की काळा रंग, पांढरा डाग, लाल ठिपके हे सगळं त्यांच्या डोक्यात बसतं. मॉर्मनची अळी याच्या अगदी उलट, लिंबाच्या कुळातली झाडं खाते, म्हणजे कढीपत्ता, लिंबू, संत्रं, बेल, कुंती, रानात माकडलिंबू. त्यात तसलं विष नाही. मॉर्मन चवीला बरं लागतं (पक्ष्याला, मी चाखलेलं नाही). मग मादी विषारी शेजारणीचे कपडे घालून फिरते आणि त्यावर वाचते. म्हणजे कढीपत्ता खाऊन वाढलेल्या अळीतून रोज निघणं शक्यच नाही, डब्यात चुकून ईश्वरीची पानं टाकली असती तरी मॉर्मनच्या अळीने ती खाल्ली नसती.

झाड माहीत नसेल, फुलपाखरू नुसतं फुलावर बसलेलं दिसलं असेल, तेव्हा धड बघा. पंख नाही, धड. रोजचं डोकं, छातीच्या बाजू आणि पोटाचं टोक लालभडक असतं, बाजूने पाहिलं की लगेच कळतं. मॉर्मनच्या मादीने पंख हुबेहूब रंगवलेत पण अंग काळंच ठेवलंय, त्यावर लाल काही नाही. बागेत मी मुलांना हेच सांगते, आधी अंगाचा रंग सांगा मग नाव सांगा. वरून फोटो काढला तर रोजच्या पाठीचा भागही काळा दिसतो आणि गोंधळ होतो, म्हणून फोटो बाजूने हवा.

आता या मादीची गंमत इथेच संपत नाही. मॉर्मनच्या माद्या आपल्याकडे तीन प्रकारच्या असतात. एक हुबेहूब नरासारखी, तिला सायरस म्हणतात. दुसरी कॉमन रोजसारखी, ती स्टिकियस, तुमच्या डब्यातली हीच. तिसरी क्रिमझन रोज या दुसऱ्या विषारी फुलपाखराची नक्कल करते, तिच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्यावर लाल ठिपके, तिला रोम्युलस म्हणतात. या तिसरीची नक्कल जरा कच्ची आहे, खऱ्या क्रिमझन रोजच्या लालपुढे तिचा रंग फिका पडतो. स्टिकियस मात्र झकास जमलेली. नर सगळीकडे एकच, काळा आणि पांढऱ्या पट्ट्याचा. म्हणजे एका जातीची चार रूपं, आणि पंख पसरले तर साधारण ९ ते १० सेंटीमीटर, म्हणजे दिसायला चांगलं मोठं फुलपाखरू, मागच्या पंखांना शेपट्या.

म्हणूनच तुमच्या पहिल्या फुलपाखराबद्दल मी "बहुतेक नर" म्हटलं. ते सायरस मादीही असू शकतं. फोटो नाही त्यामुळे ठाम सांगत नाही. ढोबळ खूण अशी की सायरस मादीच्या मागच्या पंखांवर, शेपटीच्या आतल्या बाजूला, लाल चंद्रकोरी ठसठशीत असतात, नरात त्या नसतात किंवा अगदी पुसट असतात. शिवाय मादीचं पोट जाड. पण आपल्या भागात सायरस तिन्हींत कमी दिसते म्हणून पैज लावायची तर मी नरावर लावेन.

कमी का दिसते यालाही कारण आहे. नक्कल तेव्हाच कामाची जेव्हा आजूबाजूला खरं विषारी फुलपाखरू भरपूर उडत असतं आणि पक्ष्यांना त्याची आठवण ताजी असते. जिथे कॉमन रोज उडतंय तिथे तशी मादी जास्त, जिथे क्रिमझन रोज आहे तिथे तिच्यासारखी. आणि शिमल्यासारख्या ठिकाणी, जिथे दोन्ही रोज नाहीत, तिथे साधी सायरस चांगल्या संख्येने सापडते. उलटही खरं, नकली फार झाल्या आणि खऱ्या कमी पडल्या तर पक्ष्याला चवदार घास वारंवार मिळायला लागतो, मग तो लाल ठिपक्यांना घाबरायचं सोडून देतो. त्यामुळे सगळ्याच माद्या नकली होऊन बसत नाहीत. तुमच्याकडे नेमकं प्रमाण काय हे तुमच्या आसपास ईश्वरीचे वेल किती आहेत यावर बरंच अवलंबून.

मग नर का नाही नक्कल करत असं कुणीतरी विचारणारच. सगळ्यात पटणारं उत्तर असं की मादीला धोका जास्त. ती अंड्यांनी जड असते, योग्य पान शोधत झुडपांतून हळूहळू फिरते, एकेका पानावर उतरते, पायाने चाचपून बघते, परत उडते. नराला असलं काही काम नाही, तो सरळ सुसाट जातो. पण हे पूर्ण उत्तर आहे असं मी म्हणणार नाही, यावर अभ्यासकांचं अजून चालूच आहे.

आता आई एका प्रकारची आणि मुली दुसऱ्याच असं कसं होतं ते सांगते, कारण हे कळलं की तुमचा प्रश्न पूर्ण सुटतो. मादीची ही तिन्ही रूपं एकाच जातीची हे आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८६५ मध्येच लिहून ठेवलंय, त्याआधी लोक त्यांना वेगळ्या जाती समजत. पुढे श्रीलंकेत फ्रायर नावाच्या अभ्यासकाने ही फुलपाखरं वाढवून, पिढ्यांमागून पिढ्यांची नोंद ठेवून बघितलं. आणि २०१४ मध्ये आपल्या कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेचर मासिकात दाखवलं की ही सगळी नक्कल डबलसेक्स नावाच्या एकाच जीनच्या हातात आहे. हा जीन मुळात नर-मादीतले फरक घडवण्याच्या कामाचा, त्याचाच एक वेगळा अवतार मादीच्या पंखांवर रोजची नक्षी काढतो. जीनच्या आसपासचा डीएनएचा तुकडा उलटा फिरलेला आहे, त्यामुळे नक्षीच्या सगळ्या सूचना एकत्र राहतात, अर्धवट नक्कल होत नाही. अर्धी नक्कल म्हणजे ना इकडचं ना तिकडचं, पक्षी लगेच खाणार.

नक्कलवाला अवतार प्रभावी असतो, म्हणजे आईकडून किंवा बापाकडून एक प्रत आली तरी मुलगी रोजसारखी होते. आणि हो, बापाकडून पण येतो! नराच्या अंगात तो असतो फक्त दिसत नाही, मुलगा कायम पांढऱ्या पट्ट्याचाच. म्हणजे साध्या दिसणाऱ्या सायरस मादीची जोडी अशा नराशी जमली ज्याच्याकडे एक प्रत आहे, तर तिच्या मुलींपैकी साधारण निम्म्या रोजसारख्या निघतील, निम्म्या आईसारख्या, आणि मुलगे सगळे सारखे. त्यामुळे एका कुंडीतून दोन तऱ्हा निघणं हे नेहमीचंच, त्यात दोन जाती शोधायची गरज नाही.

वागण्यातही नक्कल आहे बरं का. स्टिकियस मादी निवांत असताना रोजसारखी हळू, जमिनीजवळून, पंख फडफडवत तरंगल्यासारखी जाते. पण तिला हात लावायला जा, किंवा मागे खाटीक पक्षी लागू दे, सगळं नाटक सोडून मॉर्मनसारखी झपकन वळणं घेत पळते. खरा रोज घाबरला तरी एवढा वेग धरत नाही. नर दुपारच्या उन्हात ओल्या मातीवर, नदीकाठी, गाईच्या गोठ्याजवळच्या ओलीवर बसून क्षार शोषताना दिसतात, माद्या तिथे क्वचित. फुलांवर नर असो मादी असो, मध पिताना पुढचे पंख सारखे थरथरत ठेवतात, पूर्ण टेकून बसत नाहीत. एक्झोरा, घाणेरी, जास्वंद यांच्यावर बघा, फोटो काढायला ही थरथर म्हणजे डोकेदुखी.

जीवनचक्राबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण तुमच्या डब्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून जेवढं लागेल तेवढं सांगते. अंडं पिवळसर, मोहरीपेक्षा थोडं कमी, कोवळ्या पानावर एकटं चिकटवलेलं. उन्हाळ्या-पावसाळ्यात तीन-चार दिवसांत फुटतं, अळी पहिल्यांदा आपलं कवच खाते आणि मग पान. पहिल्या चार अवस्थांत ती काळपट-ओलसर-पांढरट, हुबेहूब पक्ष्याची शीट, आणि ती पानाच्या वरच्या बाजूला मधोमध निवांत बसते, लपत नाही, कारण शीट कोण खाणार. पाचव्या अवस्थेत कात टाकून एकदम हिरवी होते, अंगावर तिरके तपकिरी पट्टे, छातीवर डोळ्यांसारख्या खुणा.

ती ज्या पानावर बसते तिथे तिने रेशमाचं बारीक जाळीदार बस्तान केलेलं असतं. भिंगाने बघा, डोकं डावीकडून उजवीकडे हलवत ती धागा पसरत असते, मग पायांचे आकडे त्यात रोवून बसते. म्हणून अळी कधीही पानावरून ओढून काढू नका, पाय तुटतात. पान कापून पानासकट नवीन डहाळीवर ठेवा, ती स्वतः चढते. आणि एखादा दिवस अळी काहीच खात नाही, हलतही नाही, डोकं फुगल्यासारखं दिसतं, तेव्हा ती कात टाकतेय, आजारी नाही. डिवचलं तर मानेमागून इंग्रजी वाय आकाराचा लालसर शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि कुजक्या लिंबासारखा वास सोडते. घाबरू नका, चावत नाही, खाजही येत नाही, मुंग्या आणि बारीकसारीक शत्रूंना हाकलायला आहे तो. सुरवंट म्हणून लोक उगाच चपलेने मारतात, पण हिच्या अंगावर खाजरे केस नाहीत.

दोन-तीन आठवड्यांत अळीचं खाऊन होतं, मग पोट साफ करायला पातळसर शी टाकते आणि भटकायला लागते. डब्यात हिच्या फेऱ्या बघून लोकांना वाटतं हिला कोंडून मारलं. तिला फक्त जागा हवी असते. जागा ठरली की शेपटाकडे रेशमाची गादी, कमरेला रेशमाचा पट्टा, त्यात थोडी मागे रेलून बसते, आणि साधारण दिवसभराने कात टाकून कोष होतो.

आणि इथे तुमचा तपकिरी कोष. तो मेलाय असं रंगावरून ठरवू नका. मॉर्मनचा कोष हिरवा किंवा तपकिरी, दोन्ही नॉर्मल आहेत, ना जात वेगळी ना नर-मादी. हा रंग अळी कोषाला बसते त्या आधीच्या काही तासांत ठरतो आणि जागेवर अवलंबून असतो. गुळगुळीत हिरव्या काडीवर, पानांच्या दाटीत बसली तर बहुतेक हिरवा. खडबडीत वाळकी काटकी, डब्याचं झाकण, भिंत, असल्या जागी बसली तर तपकिरी. हवेतला ओलावा आणि प्रकाश यांचाही हात असतो, त्यामुळे नियम शंभर टक्के लागत नाही. तुमचे दोन कढीपत्त्याच्या काडीवर आणि तिसरा झाकणावर असं असेल तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. कळवा.

मेलाय की जिवंत हे वेगळ्या खुणांवर बघायचं. जिवंत कोष हलक्या हाताने हलवला तर पोटाकडचा भाग थोडा वळवतो. मेलेला पिचपिचीत होतो किंवा पार काळा पडून वास मारतो, किंवा खूप हलका लागतो. आणखी एक, कोषाला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं आणि आतून बारीक बारीक काळ्या-हिरव्या माशा बाहेर आल्या तर ते परोपजीवी गांधीलमाशीचं काम, ताज्या कोषात ती अंडी घालून जाते. बागेत हे सारखं होतं, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं, फक्त अळी बाहेर मोकळी असताना हा धोका जास्त. मात्र फुलपाखरू यायच्या आदल्या दिवशीही कोष काळा पडतो, तेव्हा त्यातून पंखांची नक्षी दिसते, सालटं पारदर्शक होतं. त्याला मेला समजून फेकू नका. काळा पण टणक आणि नक्षी दिसतेय, तर उद्या सकाळ. काळा आणि मऊ, तर गेला.

वेळेचं म्हणाल तर कोष उबदार दिवसांत आठ ते बारा दिवसांत उघडतो, आणि नाशिकची थंडी पडली की बराच लांबतो. तुमचे बाकीचे दोन कधी कोषात गेले ते तुम्ही लिहिलेलं नाही, तिसरा उशिरा गेला असेल तर उशीरच होणार. पाणी मारत बसू नका, डब्याला हवा लागू दे, थेट ऊन नको. आणि कोष चिकटवलेला असेल तर आजूबाजूला पंख पसरायला निदान पंखांच्या लांबीएवढी मोकळी जागा हवी, नाहीतर फुलपाखरू बाहेर येऊन पंख दुमडलेलेच वाळतात आणि मग ते उडतच नाही. बाहेर आल्यावर गढूळ रंगाचे थेंब टाकतं, ते रक्त नाही. तासा-दोन तासांत पंख कडक होतात, मग सोडायचं. सकाळी सोडा, संध्याकाळी उशिरा आलं तर रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी.

वेगळं झाड लावायचं का, तर मॉर्मनसाठी तुमचा कढीपत्ता पुरे. त्याला बाजारातलं किंवा नर्सरीतलं औषध मारलेलं नको एवढंच, नवीन रोप आणलं तर पहिले काही आठवडे त्याची पानं अळ्यांना देऊ नका. नीमतेल मारलंत तरी अळ्या जातात, जैविक आहे म्हणून त्यांना वाचवत नाही. ईश्वरी लावायची हौस असेल तर जरूर लावा, त्यावर खरे रोज येतील आणि तुमच्या मॉर्मनच्या नकली माद्यांनाही बरं, पण वेल आहे, त्याला आधार लागतो आणि रोजच्या अळ्या छोट्या कुंडीतला वेल एका आठवड्यात बोडका करतात.

शेवटी एक शक्यता राहते. तिसऱ्यातून मॉर्मनच निघेल असं मी लिहून देत नाही. कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लायही अंडी घालतं, आणि लहान अळ्या दोन्हींच्या इतक्या सारख्या की नुसत्या नजरेने मीही पैज लावत नाही. ते निघालं तर ओळखायला सोपं, काळ्यावर फिकट पिवळे डाग आणि मागच्या पंखांना शेपट्याच नाहीत. काहीही निघो, सोडायच्या आधी एक फोटो बाजूने काढा, पंख मिटलेले आणि धड स्पष्ट दिसेल असा, आणि कोष कुठे चिकटला होता तेही लिहा.